काठी वाडीच्या हातात

रायगड जिल्ह्यातली एक कातकरी वाडी. महिना भाद्रपदाचा. भाताची लावणी आटोपली की मजुरी तुटक होते; हे दिवस वाडी कसे काढते, ते वाडीनेच शोधायचं आणि मी टिपायचं, असं ठरलं आहे.

सकाळी ६. शिवारफेरी. बायका सरपणाला, बेणणीला निघण्याआधीची ही वेळ त्यांनीच दिलेली. आजी पुढे, मी मागे. कडूकंदाच्या वेलीपाशी त्या थांबतात. चकत्या करून उकडायच्या, वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग कडूपणा जातो. पुढे तारेचं कुंपण. "हितून आता जाऊ देत नाय." वहीत कंदाच्या शेजारीच कुंपणाची नोंद होते.

सकाळी १०. वाडीत म्हातारी माणसं आणि पोरं. मी नोंदी उतरवते.

दुपारी २. गावनकाशा. राख, विटांची भुकटी, पानं. काठी त्यांच्या हाती देऊन मी मागे सरते. रॉबर्ट चेंबर्स यांनी सहभागी पद्धतींचं सांगितलेलं हे एक पथ्य. पुरुष रस्ता, शाळा, देऊळ काढतात. परतलेल्या बायका शेजारी दुसरा नकाशा मांडतात: पाणी, सरपणाची वाट, उधारी देणारं दुकान. दोन्ही राहू देते.

संध्याकाळी ५. हंगामी दिनदर्शिका. जमिनीवर १२ चौकोन. दिलाशाला चिंचोका, ओढगस्तीला खडा. श्रावण-भाद्रपदात खडेच खडे. मग चूल कशावर पेटते? रानभाजी, चिंबोऱ्या, शेजारची उसनवारी आणि वीटभट्टीचा बयाणा. पावसात बयाणा घ्यायचा, दिवाळीनंतर बिऱ्हाड भट्टीवर न्यायचं, पाऊस येईपर्यंत तो फेडायचा. दर आठवड्याला खर्ची मिळते. हिशेब शेवटी होतो आणि पुष्कळदा हाती काही उरत नाही.

अहवालात बयाणा 'तग धरण्याचा मार्ग' म्हणून सहज खपला असता. इथे एक ताई त्याच्यासाठी श्रावणात एक चिंचोका ठेवतात आणि पौषापासून वैशाखापर्यंत प्रत्येक चौकोनात एकेक खडा. श्रावणातली सुटका उन्हाळ्यापर्यंत कशी वसूल होते, ते सगळ्यांसमोर उघडं पडतं. त्यावरून बायकांचा वाद रंगतो. मी फक्त लिहिते.

रात्री ८. पडताळणी. लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचते. आजी अडवतात, "आमी तग धरतो, असं वर लिवू नका. तेवढंच वाचतील. श्रावणात काम आन् रेशन पायजे, ते आधी लिवा." क्रम बदलतो. सरपणाची वाट माझ्या नकलेत नको, असं बायका ठरवतात; ती वगळते. मूळ नकाशा वाडीतच राहील.

मग गावठाणाची गोष्ट निघते. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी याच जिल्ह्यातल्या कातकऱ्यांसोबत केलेलं संशोधन २०१३ साली पुस्तकरूपात आलं. त्याचा विषय हाच: घर आपलं, पण घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर.

रात्री ९. उद्या सकाळी तिघी जणी याच प्रश्नासाठी नकाशाची प्रत घेऊन तलाठ्याकडे जाणार आहेत. मी सोबत असेन, बोलणार त्या.