दुकान सांभाळून उड्डाण शिकताना

दुकान सांभाळून विमान चालविण्यास शिकू पाहणारा पहिला हिशेब तासांचा करतो. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. या आकड्यास दरताशी शुल्काने गुणून तो महिन्यातील एक रविवार राखून ठेवतो, आणि येथेच हिशेब फसतो.

विमान उतरविताना धावपट्टीच्या काही फूट वर त्याचे नाक हलकेच उचलून वेग उतरू द्यावा लागतो. ते केव्हा व किती उचलावे, हे डोळ्यांना आणि हातांना सरावानेच कळते. महिनाभराच्या खंडात तो सराव बोथट होतो व नव्या धड्याचा बराच वेळ जुना धडा उजळण्यात जातो. त्यात पावसाळ्यातील ढगांनी आणखी रविवार बुडतात. तास वाढतात, खर्च वाढतो. कित्येकांची हौस एकट्याने उडण्यापूर्वीच विरते. दीर्घ खंडानंतर प्रशिक्षकाने एकट्यास सोडण्यास नकार दिला, तर त्याच्यावर रुष्ट होऊ नये. तो आपला जीव जपत असतो.

म्हणून भांडवल आधी जमवावे, मग आरंभ करावा. हवामान, दिशादर्शन व हवाई नियम यांचा अभ्यास गादीवर बसूनही होतो. त्यास विमानाचे भाडे पडत नाही. परीक्षा उरकल्यावर सलग सुटी काढून बारामतीसारख्या ठिकाणी मुक्काम करावा आणि आठवड्यास तीन-चार उड्डाणे घ्यावीत. तेही अशक्य असेल, तर घरी खुर्चीत बसून, एकेक कृती मोठ्याने उच्चारीत, संपूर्ण फेरी मनात पुरी करावी. घरची मंडळी हसतील, हसोत.

आणखी एक: या परवान्यावर भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.