पेटी कोणासाठी भरायची? फिरत्या कार डिटेलिंग वर्गाची सामग्री

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मागच्या वेळी आपण ‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ यांतला फरक पाहिला. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली तो नीट मांडला. पोहण्याचं पुस्तक पाठ असलेला माणूसही पाण्यात बुडू शकतो, इतकी साधी गोष्ट आहे ती. तेव्हा समोरून प्रश्न आला होता, की ‘करता येणं’ शिकवायचं तर शिक्षकाने तयारी कशाची करायची? आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून देतो.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून कार डिटेलिंगचे फिरते वर्ग घेतो. एकदा नागपूर, एकदा कोल्हापूर. नागपूरच्या वर्गासाठी पेट्या भरत होते तेव्हा मी दोन दिवस त्याच्या गोदामात बसून होतो.

डिटेलिंग म्हणजे नुसतं गाडी धुणं नव्हे. रंगात रुतलेली घाण क्ले बारने काढायची, बारीक ओरखडे मशीनने पॉलिश करायचे, मग वॅक्स किंवा कोटिंगचा थर द्यायचा. आता बघा, गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा आपल्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणं म्हणजे त्याच थराचा किंचित भाग झिजवून पृष्ठभाग सपाट करणं. जास्त झिजवला तर तो परत येत नाही, पुन्हा रंगकाम करावं लागतं, तेही दुसऱ्याच्या गाडीवर! हात किती दाबायचा, हे सांगून कळत नाही. मशीन हातात घ्यावंच लागतं.

आणि वर्गाला येतं कोण? बहुतेक वॉशिंग सेंटरवर काम करणारी मुलं. दोन दिवसांची मजुरी बुडवून, फी भरून येतात. त्यातला एखादा दोन दिवस नुसता बघत उभा राहिला, तर त्याचे पैसे गेलेच, शिवाय ‘आपल्याला येतं’ असा खोटा विश्वास घेऊन तो घरी जातो. तो विश्वास मग कोणाच्या तरी बॉनेटवर उतरतो.

म्हणून मोजणी सामानापासून सुरू करायची नाही, हातांपासून करायची. समजा १२ शिकणारे आहेत. तिघातिघांचे ४ गट पाडा. एकाच्या हातात मशीन, दुसऱ्याच्या हातात तपासणीचा दिवा, तिसरा पॉलिश पुसतो आणि पॅड साफ करतो. मग आळीपाळीने जागा बदलतात. म्हणजे मशीन ४, आणि वर एक राखीव. पॉलिश आणि झिजलेला रंग यांनी पॅड भरतो, गरम होतो, बदलावा लागतो. म्हणून गटाला ४ कटिंगचे, ४ फिनिशिंगचे, एकूण ३२. मायक्रोफायबरची फडकी गटाला ३०, म्हणजे १२०. इतकी कशाला? कारण जमिनीवर पडलेलं फडकं रंगावर पुन्हा वापरायचं नाही. त्यात अडकलेला एक खडासुद्धा नवा ओरखडा देतो. चाकांची फडकी वेगळ्या रंगाची, वेगळ्या पिशवीत. निघण्यापूर्वी सगळी धुऊन घ्यायची, पण फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही; त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं.

आता माझ्या विषयाकडे येतो. या वस्तूंचं वर्गीकरण कसं करायचं? गोदामात जातीप्रमाणे मांडणी असते: मशीन एकीकडे, पॅड एकीकडे, फडकी एकीकडे. पहिल्यांदा पेट्या भरणारा माणूस तसंच करतो. पण न्यायदर्शनात जे १६ पदार्थ मोजले आहेत, त्यांत ‘प्रयोजन’ हाही एक आहे. गोदामाचं प्रयोजन साठवण, वर्गाचं प्रयोजन काम. म्हणून पेटी जातीची नको, गटाची हवी. एका पेटीत एका गटाचं सगळं: एक मशीन, आठ पॅड, तीस फडकी, क्ले, मास्किंग टेप, हातमोजे, ब्रश.

याचे फायदे मोजा. सगळी मशीन एकाच पेटीत असली आणि ती वाटेत राहिली, तर वर्गच बंद. गटाची पेटी राहिली तर तीन गटांचं काम चालू राहतं, आणि चौथा राखीव मशीनवर भागवतो. दुसरं, उघडताना शोधाशोध नाही. तिसरा फायदा भाड्याचा. एअर कुरिअरवाले बरेचदा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते ‘वजन’ जास्त निघालं तर त्याचे पैसे लावतात. ४० बाय ४० सेंटिमीटरचं, ३५० जीएसएमचं फडकं ५६ ग्रॅमचं. अशी १२० म्हणजे पावणेसात किलो. पण ५० बाय ४० बाय ३० च्या खोक्यात भरली, की आकारणी १२ किलोची! म्हणजे आपण हवेचं भाडं भरतो. जड मशीनभोवती हलकी फडकी ठेवली, की दोन्ही वजनं जवळ येतात आणि मशीनलाही धक्का लागत नाही. मशीन मात्र आधी स्वच्छ पिशवीत घालायचं.

द्रव पदार्थ या पेट्यांत अजिबात नकोत. त्यांच्या दोन वेगळ्या पेट्या करायच्या, दोन्हींत सगळं निम्मं निम्मं. राखीव मशीन हातात न्यायचं. बाटल्यांचे स्प्रे काढून साधी झाकणं लावायची, बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, कारण उन्हात द्रव प्रसरण पावतो. झाकणाला टेप, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि बाटली उभी. पाणी मिसळून काही पाठवायचं नाही. एकास दहा प्रमाणाचं क्लीनर असेल, तर एका लिटरचं ११ लिटर तिथेच होतं. पाणी नागपूरलाही आहे की!

पॉलिशचं तेल पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. ते ज्वालाग्राही आहे, जेमतेम १२ अंशांच्या आसपासच त्याची वाफ पेट घेऊ शकते. नेहमीच्या पार्सलमध्ये ते लपवून घालणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. ते तिथल्याच केमिकलच्या दुकानातून घ्यायचं. दिवे लिथियम बॅटरीचे असतात. शिक्षक विमानाने जाणार असेल तर ते हातातल्या सामानात न्यायचे. माल विकायचा नसला तरी सोबत डिलिव्हरी चलन हवं, आणि किंमत मर्यादेबाहेर गेली तर ई-वे बिल. पेट्या दोन दिवस आधी पोहोचतील असं बघायचं.

काही गोष्टी यजमानाकडूनच घ्यायच्या: सावली, पाणी, बादल्या, वीज. विजेचं गणित फोनवरच करावं. ९०० वॉटची चार मशीन म्हणजे ३६०० वॉट; २३० व्होल्टला जवळपास १६ अँपिअर. एका पॉइंटवर हे सगळं लावलं, की फ्यूज उडालाच. दोन स्वतंत्र पॉइंट मागा. नागपूरचा मे असेल तर सावलीवर तडजोड नको, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भंगारातली चार बॉनेटं, रंग शाबूत असलेली. ती पुण्याहून नेणं परवडत नाही, यजमानाला आठवडाभर आधी सांगावं. त्यांवर मुलांना मुद्दाम क्लिअर कोट जाळू द्यायचा. कडेला रंग कसा पटकन उडतो, त्याआधी मशीनचा आवाज कसा बदलतो, पत्रा किती तापतो, हे एकदा हाताला कळायला हवं. सामानाच्या यादीत चूक करण्याची सोयही लिहावी लागते, आणि ती लिहायचीच राहून जाते.

प्रश्न: सर, खर्च कमी करायचा झाला तर कुठे करावा?

उत्तर: कोटिंगच्या महागड्या बाटल्यांत करा. चार गटांनी चार वेगवेगळी कोटिंगं लावायची गरज नाही. फडकी, पॅड आणि बॉनेटं यांत हात आखडू नका. आणि प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा, तीन रकाने करा: पाठवलं, वापरलं, परत आलं. ओले पॅड बंद पेटीत परत आणू नका, बुरशी धरते. ते वाळवा, मोजा, मग भरा. पुढच्या वर्गाची यादी त्या तिसऱ्या रकान्यावरून करायची.