रोजकीर्द ते डेटा इंजिनिअर : आपल्या मुलांनी ही वाट कशी धरावी?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. रविवारी सकाळी आम्ही विहाराच्या अभ्यासिकेत मुलांचे दाखले तपासत बसलो होतो. तेवढ्यात सेंट्रिंगच्या कामावर जाणारे आमचे एक बांधव मुलाला घेऊन आले. मुलगा बी.एस्सी. झालेला. पिशवीतून त्यांनी एक गुळगुळीत, रंगीत कागद काढला आणि आमच्यापुढे ठेवला.

"दादा, लेकरू डेटा इंजिनिअर व्हतो म्हणतंय. मोठ्या शहरात क्लास हाय. सव्वा लाख फी. घरातली पोत मोडतो, राहिलेले बचत गटातून उचलतो. तुम्ही वाचून सांगा, भरू का?"

आम्ही बी.कॉम. झालेली कारकून माणसे. कागद वाचणे हेच आमचे रोजचे काम. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'नोकरीची शंभर टक्के हमी' छापले होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'नोकरी शोधण्यास सहाय्य' असे होते, आणि त्याखाली 'भरलेले शुल्क परत मिळणार नाही'. हमी आणि सहाय्य या दोन शब्दांतले अंतर सव्वा लाखाचे होते.

आम्ही स्पष्ट सांगितले, "भरू नका." एवढ्या ठामपणे सांगण्यामागे आमचीच एक जुनी चूक होती. काही वर्षांपूर्वी अशाच एका माउलीला आम्ही कागदाची मागची बाजू न वाचता "भरा, मुलीचे कल्याण होईल" म्हणालो होतो. मुलगी सहा महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन परत आली. मुलाखतीत तिला विचारले होते, "या यादीतील दुबार नावे कशी शोधाल?" क्लासमध्ये तिला हे एकदाही स्वतःच्या हाताने करायला दिले नव्हते. ते कर्ज फेडता फेडता त्या माउलीच्या दोन सुग्या गेल्या. ती आम्हाला कधी एका शब्दाने बोलली नाही, पण आम्ही ते विसरलो नाही. म्हणूनच या विषयाची माहिती जमवून ती आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

हे काम आहे तरी काय?

नाव मोठे आहे, पण कामाचा गाभा आपल्या ओळखीचा आहे. वाणिज्य शाखेच्या मुलाला विचारा. आधी रोजकीर्द लिहायची, म्हणजे दिवसभरात जे घडले त्याची जशीच्या तशी नोंद. त्यातून खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर रक्कम चढवणे. मग तेरीज घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचे आणि शेवटी ताळेबंद. डेटा इंजिनिअर हेच करतो. फरक इतकाच की त्याच्या रोजकीर्दीत दिवसाला लाखो नोंदी येतात. मोबाईलवरून पैसे पाठवले, रेल्वेचे तिकीट काढले, दवाखान्यात केसपेपर काढला, की प्रत्येक वेळी कुठेतरी एक नोंद होते. ती उचलणे, स्वच्छ करणे, योग्य खात्यात ठेवणे आणि वेळेवर योग्य माणसासमोर मांडणे, ही यंत्रणा उभी करणारा व ती बंद पडू न देणारा तो डेटा इंजिनिअर. आकड्यांवरून अहवाल काढणारा विश्लेषक वेगळा. पण खतावणीच चुकली तर त्याचा अहवालही चुकणार.

या विद्येचा पाया फार जुना आहे. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत कशी मांडावी व ते तक्ते एकमेकांशी कसे जोडावेत याची रीत सांगितली. १९७४ मध्ये त्याच कंपनीच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. पन्नास वर्षे लोटली तरी ती टिकून आहे, म्हणून तिच्यावर घातलेली मेहनत वाया जाण्याची भीती कमी.

कर्जमाफीच्या याद्या आठवा

याद्या बिघडल्या की काय होते हे आपल्या भागाला सांगायला नको. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी होती. शेतकऱ्यांनी नवरा-बायकोसह केंद्रांवर रांगा लावून ऑनलाइन अर्ज भरले. पण अर्जातील माहिती आणि बँकांकडून आलेल्या याद्या एकमेकींशी जुळेनात. एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती दिसू लागली. वाटप रखडले आणि लोकांनी बँकेचे उंबरठे झिजवले.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. या वेळी क्रम बदलला. आधी बँकांनी कर्जखाती आधारशी जोडून याद्या तयार करायच्या, मग प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक द्यायचा, याद्या गावात लावायच्या, आणि शेतकऱ्याने अंगठा लावून रक्कम बरोबर आहे की नाही ते सांगायचे. फेब्रुवारी २०२० पासून याद्या लागू लागल्या. तक्रारी याही वेळी झाल्या. पण स्वच्छता उगमापाशी करावी, शेवटी नव्हे, हा धडा त्या क्रमात होता. डेटा इंजिनिअरला पहिल्या दिवशी शिकवतात तो धडा हाच.

शिकण्याचा क्रम

एकदम दहा गोष्टींच्या मागे लागू नये. आम्ही जाणत्यांना विचारून ठरवलेला क्रम असा :

पहिले, तक्ता. एक्सेल किंवा मोफत मिळणारे लिबरऑफिस कॅल्क. एमएस-सीआयटी झाली म्हणजे हे येते असे समजू नये. हजार ओळींच्या यादीतून दुबार नावे काढता येतात का, दोन याद्या एका क्रमांकावर जुळवता येतात का, हे करून पाहावे.

दुसरे, एसक्यूएल. किमान चार महिने रोज. बचत गटाचे उदाहरण घ्या. सभासदांचा एक तक्ता, हप्त्यांचा दुसरा, कर्जाचा तिसरा. गटात तीन कमलबाई असतात. हप्ता कोणत्या कमलबाईचा? म्हणून प्रत्येकीला सभासद क्रमांक द्यायचा आणि तिन्ही तक्ते त्या क्रमांकाने बांधायचे. आधारची कल्पनाही हीच. त्याचा पहिला बारा अंकी क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला.

तिसरे, पायथन ही संगणकाची भाषा. ती १९९१ पासून आहे व मोफत आहे. फाईल वाचणे, चुका शोधणे, तक्त्यात भरणे, एवढे तिच्यात जमले की पुरे.

चौथे, हे सगळे रोज ठरल्या वेळी आपोआप चालवणे. इथे खरी परीक्षा असते. वीज गेली, काम अर्ध्यावर थांबले, पुन्हा चालू केले, तर आधी चढलेला हप्ता दुसऱ्यांदा चढता कामा नये. एकच पावती दोनदा वाचली तरी खात्यात ती एकदाच दिसली पाहिजे. ज्याला हे साधले तो निम्मा इंजिनिअर झाला.

स्पार्क, एअरफ्लो, क्लाऊड ही नावे जाहिरातीत आधी येतात. शिकताना ती शेवटी यावीत. एका संगणकाला न पेलणाऱ्या प्रचंड माहितीसाठी किंवा अनेक कामांच्या वेळा सांभाळण्यासाठी ती साधने आहेत. खतावणी न येणाऱ्याने मोठ्या पेढीचा हिशेब हातात घेऊ नये.

काही मुले विचारतात, "आता कृत्रिम बुद्धिमत्ता एसक्यूएल लिहून देते, मग आम्ही शिकायचे कशाला?" ती लिहून देते हे खरे. पण आलेली बेरीज बरोबर आहे का, हे कोण सांगणार? कार्यालयात टिपणी कोणीही लिहो, तपासून सही करणाऱ्यालाच जाब विचारतात. तपासणारा माणूस कच्चा असेल तर यंत्राची चूक तशीच पुढे जाते.

हाताला काम : आपल्याच बाजाराचे भाव

नोकरी देणारा प्रमाणपत्र पाहतो, पण "काय केले आहे ते दाखवा" असेही विचारतो. दाखवण्यासारखे काम आपल्या दारातच आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर दिले जातात. आपल्या भागातील हळद, सोयाबीन, हरभरा, कापूस यांचे आकडे रोज उतरवावेत. काही दिवस सुट्टीचे निघतील, काही रकाने रिकामे असतील. मग नियम घालावा : सर्वसाधारण दर किमान आणि कमाल यांच्या मध्येच असला पाहिजे. नसेल तर ती ओळ बाजूला काढून तपासावी, गुपचूप खोडू नये. सहा महिने हे नेटाने केले तर मुलाखतीत सांगण्यासारखे पुष्कळ मिळते : कोणत्या दिवशी काय बिघडले, ते कसे लक्षात आले आणि कसे दुरुस्त केले.

एक सावधगिरी. सरावासाठी शेजाऱ्यांचे आधार क्रमांक, दवाखान्याच्या नोंदी किंवा गटातील बायांच्या कर्जाची खरी माहिती वापरू नये. बनावट नावे घालून तक्ते करावेत. लोकांची माहिती ही लोकांची ठेव आहे.

शुल्क न भरता कोठे शिकावे?

मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मोफत आहेत व त्यांतले बरेच मराठीतून ऐकता येतात. केंद्र शासनाच्या स्वयम् या व्यासपीठावर डेटाबेस, पायथन हे विषय मोफत शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क लागते. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम २०२० पासून घरी बसून करता येतो. त्याला जेईई लागत नाही. बारावी उत्तीर्ण आणि दहावीला गणित व इंग्रजी असलेला विद्यार्थी पात्रता फेरीला बसू शकतो. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे आणि गणित खरोखरीचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या संकेतस्थळावरील प्रशिक्षणाच्या सूचनाही अधूनमधून पाहाव्यात.

मोबाईलवर धडे पाहता येतात, पण काम शिकता येत नाही. आठ जीबी रॅमचा जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. चार कुटुंबांनी मिळून एक घेतला आणि तो अभ्यासिकेत ठेवला तरी चालेल. सव्वा लाखापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते.

नोकरीचा पहिला दरवाजा

पहिल्याच नोकरीच्या पत्रावर 'डेटा इंजिनिअर' लिहून येईल अशी आस धरू नये. बहुतेकांचा प्रवेश बाजूच्या दरवाजाने होतो : एमआयएस सहाय्यक, अहवाल तयार करणारा, सॉफ्टवेअर तपासनीस, डेटाबेस सांभाळणारा. नांदेडची इस्पितळे, वितरक, पतसंस्था यांनाही अशी माणसे लागतात. तिथे दोन वर्षे हात बसला की पुणे आहे, आणि नांदेडहून रात्रीच्या गाडीने जाता येईल असे हैदराबादही आहे. रोज दोन तास दिले तर पायाला वर्ष-दीड वर्ष लागते, हे पालकांनी धरून चालावे. तीन महिन्यांत सगळे शिकवतो म्हणणाऱ्याचा कागद उलटून मागची बाजू वाचावी. शुल्क परत मिळेल का, नोकरी न लागल्यास काय, हे लेखी मागावे. आणि तिथून शिकून गेलेल्या दोघांना आपण स्वतः शोधून भेटावे. क्लासने दाखवलेल्यांना नव्हे.

घरच्या नोंदी आधी जुळवा

मुले मोठ्या नोंदी सांभाळायला निघाली आहेत, तर आपण घरच्या तरी नीट ठेवाव्यात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. आज तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे असले की संगणकाच्या दृष्टीने ती तीन माणसे होतात. त्या रविवारी आम्ही तपासलेल्या दाखल्यांपैकी कितीतरींत वडिलांच्या नावाची वेलांटी नाहीतर आडनावाचे इंग्रजी अक्षर वेगळे होते. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी हे जुळवून घ्या. नंतर त्यासाठी मजुरीचे दिवस मोडतात.

आता त्या बांधवांच्या मुलाविषयी. सव्वा लाख भरले नाहीत. पोत घरातच राहिली. जुना लॅपटॉप घेतला. मुलाने वर्षभर अभ्यासिकेत बसून तक्ते केले, हळदीचे भाव उतरवले, रागावून दोनदा सोडले आणि तिसऱ्यांदा धरले. तो अजून डेटा इंजिनिअर झालेला नाही. नांदेडला एका वितरकाकडे रोजच्या मालाचे अहवाल काढतो. पगार साधा आहे. पण पहिल्याच महिन्यात एकच बिल दोनदा चढलेले त्याने पकडले. मालकाने विचारले, "हे कुठं शिकलास?"

"बचत गटाच्या तक्त्यावर," तो म्हणाला.

आणि ती जुनी मुलगी? मागच्या महिन्यात आम्ही तिच्या घरी गेलो आणि अभ्यासिकेतल्या लॅपटॉपविषयी सांगितले. माउलीने चहा ठेवला आणि विचारले, "पैसे किती भरायचे?" आम्ही म्हणालो, "काही नाही. फक्त रोज दोन तास यायचे." दुसऱ्या दिवसापासून मुलगी येते आहे. दुबार नावे कशी काढायची ते तिने पहिल्याच आठवड्यात शिकून घेतले.