खान्देश निघाला क्रूझवर!

माहीत आहे का? क्रूझ नावाच्या झगमगीत धंद्याला सुरुवातीच्या काळात मोठा हात दिला तो केळीने! जळगावकरांनो, कॉलर ताठ करा. अमेरिकेची युनायटेड फ्रूट कंपनी १८९९ साली उभी राहिली. तिची जहाजं कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतून केळी भरून आणायची. मग डोकं चाललं: माल तर आणतोच आहोत, वर प्रवासीही बसवू! खाली केळीचे घड, वर डेकवर हौशी साहेबलोक. कॅरिबियनची समुद्रसहल लोकप्रिय झाली ती या केळीवाल्या बोटींमुळे.

ती जहाजं पांढरीशुभ्र असायची. रुबाबासाठी? छे! पांढऱ्या रंगावर ऊन टिकत नाही, आतली केळी थंड राहतात, म्हणून. ताफ्याचं नावच पडलं ‘ग्रेट व्हाइट फ्लीट’.

आता उलटी गंमत बघा. मासेमारीच्या बोटीवर केळं नेलं की अपशकुन होतो, असं जगभरातले कित्येक दर्यावर्दी अजून मानतात. रावेर-यावलमध्ये कुणी असं बोलून तर दाखवा!

आणि गोव्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर ‘बनाना बोट’वर बसायला चक्क पैसे मोजावे लागतात. केळीच्या जिल्ह्यातल्या माणसाला केळीवर बसायचं तिकीट. घ्या!

मुद्द्याला हात घालू. जळगाव-धुळ्याचे ग्रुप आता केरळ-काश्मीरवर थांबत नाहीत. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप किंवा विमानाने सिंगापूर गाठून तिथून क्रूझ, असे बेत शिजू लागलेत. मग दोन मोठे प्रश्न येतात: बंदरावर उतरल्यावर काय बघायचं, आणि जहाजावरच्या कुठल्या ‘एक्स्ट्रा’वर पैसे टाकायचे? आमचं मत आधीच सांगून टाकतो. पैसे किनाऱ्यावर खर्च करा, जहाजावर हात आखडा. का, ते पुढे कळेलच.

खान्देशाचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर त्याला तापी दाखवा. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, एकूण ७२४ किलोमीटरचा प्रवास, आणि सुरतेजवळ थेट अरबी समुद्र. धुळ्यालाही मुंबईपेक्षा सुरतचा किनारा जवळचा.

या वाटेवरच्या एका ‘शोअर एक्स्कर्शन’ची, म्हणजे जहाजातून उतरून केलेल्या सहलीची, गोष्ट ऐकाच. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला जहाजातून उतरला. तिथून नंदुरबारवरून बऱ्हाणपूर, पुढे अजमेरला जहांगीराचा दरबार. परतीच्या जहाजात बसला कधी? १६१९ साली! आजच्या क्रूझवाल्यांनी एवढी सवलत दिली असती तर काय मजा आली असती.

माहीत आहे का, भुसावळवरून ‘बोट ट्रेन’ धावायची? १९१२ च्या सुमाराला सुरू झालेली पंजाब लिमिटेड मुंबईच्या बॅलार्ड पिअर मोल स्टेशनवरून सुटायची. विलायतेच्या मेलबोटीतून उतरलेले साहेब धक्क्यावरच गाडीत बसायचे, आणि ही गाडी खान्देश ओलांडून थेट पेशावरपर्यंत जायची. आज तीच पंजाब मेल. म्हणजे तुमच्या-आमच्या रुळांनी क्रूझचे पाहुणे शंभर वर्षांपूर्वीच वाहिले आहेत. आता पाहुणे व्हायची पाळी आपली!

आणि त्याच परिसरात, मुंबई बंदराच्या इंदिरा डॉकवर, नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलंय. उद्घाटन २० सप्टेंबर २०२५. चेक-इन आणि इमिग्रेशनचे तब्बल ७२ काउंटर. सीएसएमटीवर उतरलात की टॅक्सीने काही मिनिटांत पोहोचता. फक्त एक करा: जहाज सुटायच्या दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका. गाडी कसाऱ्याला तासभर उभी राहिली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम, हाच शहाणपणा.

मुंबईहून सफरी करणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज तर फिरून फिरून आलेलं. १९९० साली फ्रान्सच्या सेंट नाझेरमध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने तयार झालं, बहामाच्या तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. लांबी २११ मीटर. २०१७ मध्ये प्रवासी घेऊन क्युबाच्या हवाना बंदरातही जाऊन आलं. आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईकर! आता त्याच्या डेकवर भरीत-पुरीच्या आठवणी काढत बसलेली मंडळी भेटली तर नवल नको.

बरं, शोअर एक्स्कर्शनची कल्पना आली कुठून? हॅम्बर्गच्या जहाज कंपनीवाल्या अल्बर्ट बालिनकडे एक देखणं जहाज होतं, ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’. हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नसायचं. १८९१ च्या जानेवारीत त्याने २४१ प्रवासी बसवून ते भूमध्य समुद्रात पाठवलं आणि बंदराबंदरावर उतरवून सहली घडवल्या, पिरॅमिडसकट! जहाज रिकामं उभं राहू नये म्हणून काढलेली शक्कल, आणि आज त्यावर अख्खा धंदा चालतो.

आता कामाची गोष्ट, आणि ही जरा सावकाश वाचा. पोर्ट ठरवताना आधी वार बघा. हो, वार! घारापुरीची लेणी सोमवारी बंद. आपलं अजिंठाही सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. ताजमहाल शुक्रवारी. पॅरिसचं लूव्र मंगळवारी. कोचीच्या मट्टनचेरीतलं १५६८ सालचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर शनिवारी बंद. जहाज बंदरात असतं जेमतेम आठ-नऊ तास. नेमक्या त्याच दिवशी दाराला कुलूप असेल तर बाहेरच्या पाटीसोबत सेल्फी काढून परत यायचं! ब्रोशरमध्ये हे वार ठळक छापलेले नसतात. सफरीची तारीख हातात आली की कॅलेंडर आणि बंदरांची यादी शेजारी ठेवून एकदा जुळवाच.

दुसरी मेख: ‘शिप टाइम’. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ कधी कधी वेगळं असतं. उतरताना गँगवेजवळ एक बोर्ड दिसतो, त्यावर मोठ्या आकड्यात परतायची वेळ लिहिलेली असते. त्याचा फोटो काढा, मगच पाय खाली टाका. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ पकडतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

उशीर झाला तर? जहाजाच्या काउंटरवरून घेतलेली टूर रखडली तर जहाज सहसा थांबतं, नाहीतर कंपनी तुम्हाला पुढच्या बंदराला पोहोचवायची सोय करते. बाहेरची टॅक्सी करून भटकत असाल तर मात्र टाटा-बाय-बाय. धक्क्यावरून जिवाच्या आकांताने पळणाऱ्या प्रवाशांना क्रूझच्या दुनियेत नावच आहे ‘पिअर रनर’, आणि डेकवरचे लोक टाळ्या पिटत त्यांचे व्हिडिओ काढतात!

मग बाहेरची टूर घ्यायचीच नाही का? घ्या की! गोव्यात मुरगाव बंदरात उतरून जुन्या गोव्याची चर्चेस बघायला चार कुटुंबांनी एक गाडी ठरवली तर स्वस्तही पडते आणि मनासारखं हिंडताही येतं. ती चर्चेस १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. नियम सोपा ठेवा: जवळचं ठिकाण असेल तर स्वतः जा, लांबचं असेल तर जहाजाची टूर. हवामान बिघडून बंदरच रद्द झालं तर जहाजाच्या टूरचे पैसे परत मिळतात, बाहेरच्या टूरचे मात्र त्याच्या-त्याच्या अटींवर.

लक्षद्वीपची बातच न्यारी. अगत्तीला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. समुद्रातच थांबतं आणि छोट्या बोटींतून प्रवाशांना नेतात. उतरताना आजी-आजोबांचा हात घट्ट धरा, पायाखाली बोट वरखाली होत असते. आणि भारतात असूनही तिथे जायला परमिट लागतं, विसरू नका.

जहाजावरच्या करामती? एकेक ऐका! २०२४ च्या जानेवारीत निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे, वर्षाच्या दिवसांइतकं! सात पोहण्याचे तलाव, वीस डेक. ‘ओअॅसिस ऑफ द सीज’च्या पोटात बाग, तीही खऱ्या झाडांची. ‘मार्डी ग्रा’वर २०२१ पासून रोलर कोस्टर. ‘क्वांटम ऑफ द सीज’वर पेय ओतून देणारे रोबोचे हात. ‘क्वीन मेरी २’वर कुत्र्यांची वेगळी खोली, आणि त्यांनी पाय वर करावा म्हणून एक लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि एक न्यूयॉर्कचा आगबंबाचा नळ. दोन्ही देशांच्या कुत्र्यांना घरच्यासारखं वाटायला हवं ना!

तेराव्या मजल्याचं बटण शोधू नका. कित्येक जहाजांवर १२ नंतर थेट १४. इटलीत सतरा हा आकडा अशुभ, म्हणून इटालियन वळणाच्या एमएससी या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर १७ नंबरचा डेकच नाही.

धुळेकरांसाठी खास: क्रूझवरचं गोडं पाणी बहुतेक जहाज स्वतःच बनवतं, समुद्राचं खारं पाणी गोडं करून. टँकरची वाट बघायची नाही, नळ सोडला की चोवीस तास पाणी. तरी केबिनमध्ये ठेवलेल्या बंद बाटलीला हात लावायच्या आधी तिच्या गळ्यातलं कार्ड वाचा. ती बहुतेक वेळा विकत असते!

इथूनच सुरू होतो एक्स्ट्राचा बाजार. चढताना एक कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. स्कॅनरवर टेकवलं की ‘टिंग’ आणि स्क्रीनवर तुमचा फोटो. नोट हातातून जात नाही, त्यामुळे खर्चाची टोचणीच लागत नाही. रोज रात्री टीव्हीवर किंवा अॅपवर आपला हिशेब बघायची सवय लावा. परदेशी जहाजांवर टिपही बहुधा आपोआप बिलात चढते, माणशी दिवसाला साधारण १५ ते २० डॉलर. चौघांचं कुटुंब, पाच रात्री, करा गुणाकार!

ड्रिंक पॅकेजची गंमत माहीत आहे का? अनेक कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायचं. म्हणजे काकांच्या हौसेपायी काकूंचेही पैसे. काका, विचार करा!

वाय-फाय महाग वाटतं? फोन विमान मोडवर टाकला नाही तर त्याहून महाग पडेल. भर समुद्रात मोबाइल जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि ते दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाहीत. पितळखोऱ्याच्या लेण्यांत रेंज नव्हती तेव्हा राहिलात ना दिवसभर? इथेही राहा.

आमचं ऐकाल तर पैसे देऊन घ्यावं असं एकच एक्स्ट्रा: मेडिकल कव्हर असलेला प्रवास विमा. जहाजावरचा डॉक्टर फी घेतो, तीही परदेशी जहाजावर डॉलरमध्ये. स्पा, फोटो, स्पेशल रेस्टॉरंट सगळं झकास असतं, पण बुफे तिकिटातच आहे की!

जेवणाची काळजी नको. मुंबईच्या आणि सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. फक्त बुकिंग करतानाच लिहून द्या. शिळ्या बट्ट्या आणि घरचं शिजवलेलं मात्र बहुतेक जहाजं आत घेत नाहीत, सीलबंद शेव-चिवडा चालतो. इस्त्री, विजेची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्डही घरीच ठेवा, आगीच्या भीतीने ते गेटवरच काढून घेतात. आणि बुफेतलं केळं पिशवीत घालून परदेशी बंदरावर उतरू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत ताज्या फळासाठी जबर दंड होतो!

बोट लागेल म्हणून घाबरताय? इंग्रजांचा नेल्सनसारखा दर्यावीर समुद्रावर आजारी पडायचा. डार्विनचेही ‘बीगल’ जहाजावर तेच हाल, पोटात बिस्किट आणि मनुके तेवढे टिकायचे. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मागा, तिथे हेलकावा कमी लागतो. खिशात आल्याच्या वड्या ठेवा आणि नजर क्षितिजावर.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. चढल्याबरोबर सुरक्षेची ड्रिल असते, ती चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडलं, ३२ जण गेले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आत किंवा सुटल्याबरोबर ड्रिल झालीच पाहिजे. लाइफ जॅकेट कुठे आहे, ते आजीलाही दाखवून ठेवा.

एवढ्या लांब जायच्या आधी तालीम करायची आहे? नवापूर-सोनगढवरून सुरत गाठा. तिथल्या हजिऱ्याहून नोव्हेंबर २०२० पासून खंभातच्या आखातापार घोघ्याला गाड्या नेणारी रो-पॅक्स फेरी सुरू झाली. वेळापत्रक पाहून एक फेरी करा. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटरचा वळसा, समुद्रातून काही तासांत पार. कुणाला बोट लागते आणि कुणाला डेकवरून हलावंसं वाटत नाही, दोन्ही तिथेच कळेल!

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची खरी मजा दिवाळीच्या आसपास सुरू होते. कापूस वेचणी, लग्नसराई, पोरांच्या परीक्षा सांभाळून तारीख काढा. गोव्याला आधार कार्डासारखं सरकारी ओळखपत्र चालतं, सिंगापूरला पासपोर्ट आणि पुन्हा आत येता येईल असा व्हिसा लागतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आजच नूतनीकरणाचा अर्ज भरा!