राखणदाराच्या वाट्याला कोणते फळ, कोणती भाजी?

बैलाची वैरण, म्हशीची पेंड, शेळीचा पाला यांविषयी आपण रेडिओवर पुष्कळ ऐकतो. पण त्याच आखाड्यावर रात्रभर जागून राखण करणाऱ्या कुत्र्याने काय खावे, हे सहसा कुणी सांगत नाही. त्याच्या वाट्याला उरलीसुरली भाकरी आणि कालवण येते. शिवाय पालम, गंगाखेडसारख्या गावांत हौसेने कुत्रे पाळणारी घरे आहेत. तिथे मुले हातातले केळे, पेरू, द्राक्षे प्रेमाने त्याच्यापुढे धरतात. फळ आपल्याला चांगले, तेव्हा त्यालाही चांगलेच, असा आपला समज असतो. हा समज निम्मा बरोबर आहे आणि उरलेला निम्मा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून आज कुत्र्याला कच्ची फळे आणि भाज्या द्यायच्या झाल्या तर कोणत्या, त्यांचा कोणता भाग आणि किती, एवढेच पाहू.

त्याचे पोट वेगळे

कुत्रा लांडग्याच्या कुळातला, पण हजारो वर्षे माणसाच्या उंबरठ्याशी राहिलेला. २०१३ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. पिष्टमय पदार्थ पचवणारा रस तयार करणारे जनुक लांडग्यात जेवढे असते, त्याच्या कितीतरी पट प्रती कुत्र्यात असतात, असे त्यात दिसून आले. आपली भाकरी त्याला पचते ती यामुळे. मात्र त्याच्या लाळेत हा रस जवळजवळ नसतोच. तो घास चावत बसत नाही, गिळतो. त्याचे आतडेही गाय-म्हशीच्या मानाने फार आखूड. त्यामुळे कच्च्या गाजराचा मोठा तुकडा गिळला तर तो बऱ्याचदा जसाच्या तसा शेणावाटे बाहेर पडतो. म्हणून कच्ची भाजी द्यायची तर किसून किंवा अगदी बारीक चिरून द्यावी. थोडी वाफवली तर आणखी बरे.

दुसरी गोष्ट क जीवनसत्त्वाची. आपल्याला ते लिंबू, पेरू, आवळा यांतून घ्यावे लागते. कुत्र्याचे यकृत ते स्वतःच तयार करते. तेव्हा ‘शक्ती यावी’ म्हणून निरोगी कुत्र्याला फळे चारण्याची गरज नाही. फळ हा त्याचा खाऊ आहे, जेवण नव्हे. त्याला हवीत मुख्यतः प्रथिने. घरात मांसाहार चालत असेल तर अंडे, बिनमसाल्याचे शिजवलेले मांस द्यावे. शाकाहारी घरांत चांगली शिजवलेली डाळ, थोडे पनीर किंवा दही देता येते. पण निव्वळ शाकाहारावर कुत्रा ठेवायचा असेल, तर आहार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावा.

किती द्यावे?

पशुवैद्यकांचा साधा नियम आहे. दिवसभराच्या आहारातून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या दहाव्या हिश्शाहून जास्त वाटा खाऊचा नसावा. दहा किलो वजनाच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. दहावा हिस्सा झाला ६०. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ९० कॅलरी असतात, म्हणजे अर्ध्या केळ्यात त्याचा दिवसाचा खाऊ संपला. काकडीत पाणीच जास्त, म्हणून ती थोडी अधिक दिली तरी चालते.

नवे फळ पहिल्यांदा देताना बोटाच्या पेराएवढे एक-दोन तुकडे द्या आणि दोन दिवस थांबा. शेण पातळ झाले, उलटी झाली, अंग खाजवू लागला, तर ते फळ त्याला मानवत नाही असे समजा. लहान पिलांना आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

चालणारी फळे-भाजी

आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांपैकी काकडी, गाजर, लाल भोपळा, केळे, बिया काढलेला पेरू, बिया काढलेली पपई आणि बिया-साल काढलेले कलिंगड बेताने द्यायला हरकत नाही. सफरचंद दिले तर मधला बियांचा भाग काढून टाकावा. मोसंबीची एखादी फोड चालते, साल नको. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा कलिंगडाच्या दोन-चार गार फोडी कुत्रा आवडीने खातो. पण ती पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. सावलीत पाण्याचे भांडे भरलेले असलेच पाहिजे.

धुण्याच्या बाबतीत हयगय नको. बाजारातून आणलेली भाजी आपण जशी वाहत्या पाण्यात चोळून धुतो, तशीच त्याच्यासाठीही धुवावी. फवारणी झालेल्या वावरातली काकडी किंवा टोमॅटो लगेच तोडून त्याला टाकू नका. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस थांबायचे ते छापलेले असते. तो नियम माणसासाठी आहे आणि कुत्र्यासाठीही.

अडकणारा भाग

पुष्कळदा फळाचा गर निर्दोष असतो, घात करतात कोय आणि बी. आंब्याचा गर थोडा दिला तर काही होत नाही. पण चोखून टाकलेली कोय कुत्र्याने गिळली तर आतड्यात अडकते. दाणे खाऊन फेकलेले मक्याचे कणीस यात सर्वांत वाईट, कारण ते पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. वारंवार उलट्या, पोट फुगणे, शेण न होणे, खाणे सोडणे ही अडकल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तेल पाजून वाट पाहत बसू नये. बहुतेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते आणि ती जितकी लवकर होईल तितके बरे.

सीताफळ बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात पुष्कळ. त्याच्या बियांची पूड उवा मारायला लावण्याची जुनी रीत आहे आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, हे घरोघरी ठाऊक असते. तेव्हा बिया कुत्र्याच्या पोटात जाऊ देऊ नयेत. हिरवे पडलेले किंवा कोंब आलेले कच्चे बटाटे आणि टोमॅटोचा पाला हेही टाळावेत.

द्राक्षे, मनुका आणि आपली चिंच

आता सर्वांत महत्त्वाचे. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्याला एकही देऊ नका. ती खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, याकडे अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २००१ साली लक्ष वेधले. पण त्यातले विष कोणते, हे वीस वर्षे उमगत नव्हते. एखादा कुत्रा घोसभर द्राक्षे खाऊन ठणठणीत राही, दुसरा थोड्याशा मनुकांनी मरे.

२०२१ साली एक धागा हाती आला. मुलांच्या खेळण्यासाठी घरी मळलेला गोळा एका कुत्र्याने खाल्ला आणि त्याला द्राक्षे खाल्ल्यासारखाच आजार झाला. त्या गोळ्यात टार्टारिक आम्लाचा क्षार होता. हेच आम्ल द्राक्षात असते, आणि द्राक्षाची जात व पिकलेपणा यांनुसार त्याचे प्रमाण बदलते. एका कुत्र्याला बाधते आणि दुसऱ्याला नाही, याचा उलगडा त्यातून होऊ लागला. माणसाचे शरीर हे आम्ल बाहेर टाकते, कुत्र्याच्या मूत्रपिंडात मात्र ते साचत असावे, असे संशोधकांचे मत आहे.

याच संशोधकांनी आणखी एका फळाचे नाव घेतले, आणि ते ऐकून आपण सावध व्हायला हवे. ते फळ म्हणजे चिंच. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचाच, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाचा तसाच बिघाड आढळला आहे. मराठवाड्यात बांधाबांधावर चिंचेची झाडे. उन्हाळ्याच्या तोंडाशी चिंचा झोडपल्या जातात, अंगणात ढीग लागतात, बायका चिंचा फोडत बसतात आणि घरचा कुत्रा तिथेच लोळत असतो. आंबट-गोड गर तो चाटतो, कधी गोळाच पळवतो. त्या दिवसांत त्याला ढिगापासून दूर बांधा आणि साठवणीची चिंच झाकून ठेवा. चिंचेच्या कोळाची आमटीही त्याला नकोच.

कांदा-लसूण

कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात. पेशी फुटतात आणि अंगातले रक्त कमी होते. कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवून पूड केलेला, कांद्याचा हा गुण जात नाही. एका किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात ठळक बदल दिसतात. दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन कांदे म्हणजे ही मर्यादा आली. रोज थोडा थोडा पोटात गेला तरीही अपाय होतो, आणि शिळ्या कालवणातून नेमके तेच घडते. लसूण तर वजनाच्या मानाने कांद्याहून तीव्र. गोचीड पळावेत किंवा जंत पडावेत म्हणून लसूण चारणारे लोक आहेत. त्यांनी तो नाद सोडून जंताचे औषध डॉक्टरांकडून घ्यावे.

या बाधेची लक्षणे लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, लघवी गडद होते. तोवर कांदा खाल्ल्याचे घरात कुणाच्या लक्षातही राहत नाही.

नको ते खाल्ले तर

द्राक्षे, मनुका किंवा चिंच खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठा. पहिल्या दोन तासांत इंजेक्शन देऊन उलटी करवता येते आणि विष अंगात भिनण्याआधी बाहेर काढता येते. पुढे सलाईन लावून मूत्रपिंडे वाचवण्याचा प्रयत्न होतो. सुरुवातीला उलट्या होतात, मग कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते. त्या वेळी फार उशीर झालेला असतो. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रकार करू नका. मिठानेच कुत्रा दगावू शकतो.

जाताना चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. त्याने काय खाल्ले, अंदाजे किती, केव्हा, आणि कुत्र्याचे वजन किती. आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. १९६२ हा पशुपालकांसाठीचा टोल-फ्री दूरध्वनी क्रमांक आहे, तिथेही विचारावे. मोठ्या उपचारांची गरज पडली तर परभणीला पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. पालमहून गंगाखेडमार्गे तिथे पोचायला वेळ लागतो, म्हणून निघायला उशीर करू नये.

चंपाषष्ठीचा नैवेद्य

शेवटी आपल्या रिवाजाविषयी. लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची मोठी यात्रा भरते, घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन होते. कुत्रा हा खंडोबाचा सोबती. चातुर्मासात वांगी आणि कांदा-लसूण वर्ज्य केलेली घरे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि त्यातला घास कुत्र्यालाही घालतात. हा रिवाज फार चांगला आहे, तो मोडायचे कारण नाही. एकच करा. भाजलेल्या वांग्यात कांद्याची पात, लसूण आणि मिरची मिसळण्यापूर्वी त्याच्या वाट्याचे चमचाभर बाजूला काढा आणि रोडग्याच्या तुकड्याबरोबर द्या. एका घासातल्या कांद्याने कुत्रा मरत नाही, हे खरे. पण त्या दिवशी दारोदारी घास मिळतो, आणि दहा घरांचा कांदा एकाच पोटात जातो.

वर्षभरही हीच सवय ठेवता येईल. फोडणी घालण्याआधी त्याचे वेगळे काढायचे, फळ चिरताना कोय आणि बिया लगेच झाकणाच्या टोपलीत टाकायच्या, आणि द्राक्ष, मनुका, चिंच त्याला द्यायची नाही हे लेकरांना शिकवायचे. या तिन्हीला पैसा लागत नाही.