रांग मोडणारा प्रशिक्षक

परीक्षा संपायच्या आतच उन्हाळी शिबिरांची पत्रकं फिरू लागतात. सोसायटीच्या फलकावर, शाळेच्या फाटकापाशी, पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर. वय पाच ते पंधरा, सकाळी साडेसहा ते साडेआठ, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र मोफत. पत्रकावर मेस्सी किंवा रोनाल्डो असतोच. आपलं मूल त्या दोन तासांत चेंडूला किती वेळा पाय लावणार, हे मात्र कुठल्याच पत्रकावर छापलेलं नसतं. फुटबॉलचं शिबिर निवडताना माझ्या मते पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. बाकीचे प्रश्न त्यामागून येतात.

हिशेब साधा आहे. चोवीस मुलं, दोन रांगा, एका रांगेत बारा जण. समोर पाच शंकू मांडलेले, त्यांच्यामधून चेंडू काढायचा आणि शेवटी गोलात मारायचा. एकाची पाळी पंधरा सेकंदांत उरकते, म्हणजे पुन्हा नंबर लागायला तीन मिनिटं. असा सराव पंधरा मिनिटं चालला, तर एका मुलाच्या वाट्याला पाच पाळ्या येतात. सव्वा मिनिट खेळ आणि पावणेचौदा मिनिटं उभं राहणं. दुरून पाहणाऱ्या पालकांना हे फार शिस्तीचं वाटतं, कारण आपण सगळेच शाळेतल्या पीटीच्या तासाला असेच रांगेत उभे राहून मोठे झालो. मग शेवटच्या अर्ध्या तासात ‘मॅच’ होते, मोठ्या मैदानावर, मोठ्यांचे नियम लावून. त्यात दोन दांडगी मुलं खेळतात आणि उरलेली त्यांच्यामागे धावतात.

मोठ्यांचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. आठ वर्षांचा गोलरक्षक हात वर करून उडी मारली तरी आडव्या दांड्याला शिवू शकत नाही. त्याच्या डोक्यावरून चेंडू गेला की बाहेरून कुणीतरी त्यालाच रागावतं. पाच नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा असतो, तर लहान मुलांसाठीचा तीन नंबरचा साधारण 300 ग्रॅमचा. दुकानात दोन्ही मिळतात. तरी शिबिरात येतो तो बहुधा पाच नंबरचाच, कारण ‘खरा’ फुटबॉल तोच असा आपला समज.

मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो, हा हिशेब एका देशाने फार गांभीर्याने मांडला. 2000 साली बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी मिळून युरो स्पर्धा भरवली आणि यजमान बेल्जियम पहिल्याच फेरीत बाद झाला. त्यानंतर तिथल्या महासंघाने, तांत्रिक संचालक मिशेल साब्लॉन यांच्या पुढाकाराने, मुलांच्या खेळाकडे मुळापासून पाहायचं ठरवलं. लुव्हेन विद्यापीठाच्या मदतीने मुलांचे सुमारे 1500 सामने चित्रित करून तपासले गेले. आठ-नऊ वर्षांची मुलं मोठ्या संघांत खेळतात, तेव्हा अर्ध्या तासात एकेकाच्या पायाला चेंडू जेमतेम दोनदा लागतो, असं त्यातून निघालं. दोनदा! घरून मैदानापर्यंत येताना रस्त्यातल्या दगडाला मूल याहून जास्त लाथा मारत असेल.

2006 मध्ये आलेल्या आराखड्यात सर्वांत लहान मुलांना दोन विरुद्ध दोन, मग पाच विरुद्ध पाच, मग आठ विरुद्ध आठ अशी चढण आखून दिली. अगदी लहान वयोगटांच्या गुणतालिकाच बंद केल्या. क्लबांनी विरोध केला. तालिका नसेल तर मुलं जिंकायला कशी शिकणार, असा त्यांचा सवाल होता. त्या काळात बेल्जियमचा मोठा संघ 2006 आणि 2010 च्या विश्वचषकांना पात्र ठरला नव्हता, त्यामुळे टीकाकारांच्या हातात आयतं कोलीत होतं. 2018 च्या विश्वचषकात हाच देश तिसरा आला. याचं सगळं श्रेय एका आराखड्याला देणं मात्र बरोबर होणार नाही. त्या संघाचा कर्णधार एदेन आझार चौदाव्या वर्षीच फ्रान्सच्या लील क्लबाकडे गेला होता. पण लहान मुलाला चेंडू मिळाला पाहिजे, हा विचार तिथल्या गावोगावच्या क्लबांत रुजला, हे महत्त्वाचं.

जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून असाच बदल देशभर सक्तीचा केला. तिथे सर्वांत लहान मुलं दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन खेळतात आणि मैदानात गोल असतात चार. ही कल्पना होर्स्ट वाइन यांची. ते मूळचे हॉकीचे प्रशिक्षक, आणि त्यांच्या या खेळाचं नाव फुनिन्यो. प्रत्येक बाजूला दोन छोटे गोल, गोलरक्षक नाही, आणि गोल मारायचा तो त्याच्या जवळच्या पट्ट्यात शिरूनच. समोर एकच गोल असला की मूल मान खाली घालून तिकडेच पळतं. दोन असले की त्याला डोकं वर काढून पाहावं लागतं. या गोलापाशी गर्दी आहे, मग वळायचं आणि दुसरा गाठायचा. प्रशिक्षकाने एक शब्द न बोलता मैदानच मुलाला शिकवतं. मुलांना खेळ शिकवण्याच्या कलेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

सामन्यांची रचनाही पाहण्यासारखी आहे. छोटी मैदानं ओळीने आखलेली असतात. काही मिनिटांचा सामना झाला की जिंकलेले एक मैदान वर सरकतात आणि हरलेले एक खाली. दोन-तीन फेऱ्यांत तुल्यबळ मुलं समोरासमोर येतात. कुणी दहा-शून्याने चेचलं जात नाही आणि कुणाला फुकटचा विजयही मिळत नाही. यावर जर्मनीत वाद झालाच. बोरुसिया डॉर्टमुंड क्लबचे तेव्हाचे प्रमुख हान्स-योआखिम वात्स्के यांनी, आता लवकरच बिनचेंडूचा किंवा चौकोनी चेंडूचा खेळ सुरू होईल, अशा अर्थाची जाहीर टीका केली. हरण्याची चव मुलाला कळली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटत नाही. तीन विरुद्ध तीनमध्ये मूल एका सकाळी चार सामने हरतं आणि तीन जिंकतं. हार-जीत तिथे भरपूर असते. नसतो तो फक्त मोठ्यांनी भिंतीवर लावलेला तक्ता.

आपल्या गल्लीतल्या मुलांना हे सगळं कुणी शिकवावं लागलं नाही. जागा अरुंद असते म्हणून गडी कमी. दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून दोन तगडी पोरं वेगवेगळ्या संघांत घालायची. धाकट्या भावाला कच्चा लिंबू म्हणून खेळवायचं, पण बाहेर बसवायचं नाही. इंग्लंडमध्ये मुलांच्या सामन्यात एक संघ चार गोलांनी मागे पडला, तर त्याला एक जादा खेळाडू उतरवता येतो. आपल्या गल्लीचा न्याय तिथे नियम म्हणून आला आहे. नागपुरात 2001 च्या सुमारास हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांना पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट 2022 मध्ये घरोघरी पोचली. त्या प्रसंगात मला बादलीइतकीच पाहणाऱ्याची नजर महत्त्वाची वाटते. मुलं आधीच खेळत होती. त्यांना चेंडू मिळवून द्यायचा होता, खेळ नव्हे.

तर चांगल्या शिबिरात सकाळी नेमकं काय घडतं? सगळे जमेपर्यंत कुणी थांबत नाही. जो येईल त्याच्या पायाशी चेंडू, आणि तो लगेच सुरू. मग शेपटीचा खेळ: प्रत्येकाच्या चड्डीला मागे एक रंगीत बिब खोचलेलं, आपला चेंडू सांभाळत दुसऱ्याची शेपटी ओढायची. मुलाला वाटतं, आपण पकडापकडी खेळतोय. प्रत्यक्षात तो मान वर ठेवून चेंडू नेणं, अंग आडवं घालून तो राखणं आणि झटकन वळणं शिकत असतो. शंकूंच्या रांगेत हे येत नाही, कारण शंकू शेपटी ओढायला येत नाही.

प्रशिक्षक बोलतो थोडं. अर्ध्या मिनिटात सांगून होणार नाही असा खेळ या वयाला देऊच नये. बोलताना तो गुडघ्यावर बसतो आणि मुलांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशा बाजूला त्यांना उभं करतो. खेळ फार सोपा झाला तर ओरडत नाही, मैदान दोन पावलं आत घेतो. फार अवघड झाला तर एक गडी वाढवतो, किंवा चेंडू बदलतो, किंवा नियम सैल करतो. त्याच्या हातात असतात त्या एवढ्याच गोष्टी: जागा, चेंडू, गडी आणि नियम. मधेच कधी तो खेळ थांबवून विचारतो, ‘चेंडू गेला तेव्हा मोकळं कोण होतं रे?’ उत्तर तो स्वतः देत नाही.

सहा वर्षांची मुलं मैदानभर चेंडूभोवतीच घोळका करतात. बाहेरून मोठी माणसं ‘पसरा, पसरा!’, ‘अरे पास दे ना!’ असं ओरडत राहतात. नुकतंच हाती आलेलं खेळणं त्या वयाचं मूल शेजाऱ्याला काय म्हणून देईल? दोन-तीन वर्षांत समज वाढते आणि घोळका आपोआप पांगतो. तोवर त्याला चेंडू घेऊन पळू द्यावं. पुढे आयुष्यभर पास द्यायचेच आहेत.

बारा वर्षांखालच्या मुलांत निवड करणं हा तर अन्यायच ठरतो, आणि त्याचा पुरावा आहे. लुव्हेनच्याच वेर्नर हेल्सेन यांनी सहकाऱ्यांसह 2005 मध्ये युरोपातल्या दहा देशांचे युवा संघ तपासले. निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली फार जास्त निघाली. जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा एकाच गटात खेळतात, पण नऊ-दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे डोळ्यांत भरेल एवढी उंची. प्रशिक्षक ज्याला गुणवत्ता म्हणतो ती बऱ्याचदा फक्त जन्मतारीख असते. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून टाकून दिलेल्या पिढ्या आपण पाहिल्या आहेत, आणि वय चोरून खालच्या गटात उतरणं आजही थांबलेलं नाही. तेव्हा दहाव्या वर्षी ‘हा खेळाडू होणार, हा नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या प्रशिक्षकापासून मूल दूर ठेवावं.

पालकांविषयीही लिहायला हवं. 2008 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ‘रिस्पेक्ट’ मोहीम सुरू केली. मुलांच्या मैदानापासून थोडी दूर दोरी बांधून पालकांना तिच्यामागे उभं करणं, हा तिचा एक भाग होता. आपल्याकडे दोरी नसली तरी रेषेवर उभं राहून ‘शूट मार’ म्हणणारे बाबा आहेतच. मूल चेंडू पायात घेऊन बाबांकडे बघायला लागलं, की खेळाकडे त्याचं लक्ष उरत नाही.

आणि काही गोष्टींत तडजोड नको. नोव्हेंबर 2016 पासून ब्रिटनमधले एकेक माजी खेळाडू, लहानपणी प्रशिक्षकांनी आपलं लैंगिक शोषण केलं, असं जाहीरपणे सांगू लागले. कित्येकांनी ते दशकानुदशकं मनात दाबून ठेवलं होतं. आपल्याकडे 2012 चा पॉक्सो कायदा आहे, पण शिबिराच्या मैदानावर कायदा उभा नसतो, माणसं असतात. एकट्या मुलाबरोबर एकटा प्रशिक्षक कधीच नको. मुलाला खासगी संदेश नकोत. पालकांना मैदान केव्हाही पाहता आलं पाहिजे. हे पाळायला संकोच करणाऱ्या शिबिराला फी देऊ नये. हेडरचंही तसंच. माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण साडेतीन पट आढळल्याचं ग्लासगोच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडने प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. आपल्या शिबिरांनी वाट पाहायचं कारण नाही. उन्हाचंही तसंच: विदर्भात तर साडेआठनंतर मुलं मैदानावर असूच नयेत.

वीस दिवसांच्या शिबिरात खेळाडू घडत नाही. मूल एकविसाव्या दिवशी आपणहून चेंडू घेऊन बाहेर पडलं, तर शिबिराने काम केलं. मोठ्या सोहळ्यांनाही हेच माप लावावं. 15 सप्टेंबर 2017 रोजी महाराष्ट्रात लाखो मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळला. भारतात होणाऱ्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकाचं ते स्वागत होतं, आणि तो दिवस देखणा होता. त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो वाढला. पण त्याच्या मागे कोल्हापूर होतं. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा मूळ कुस्तीच्या तालमी फुटबॉलचे संघ बाळगून आहेत आणि शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर बसणारं पोर घरी जाताना गल्लीत तेच करून पाहतं. ज्या गावाला असा कट्टा नाही, तिथे त्या मुलाला दुसऱ्या दिवशी बोलावणारा प्रशिक्षकच सगळं असतो.

आणि आपण सर्वांत लहान मुलांना सर्वांत नवखा प्रशिक्षक देतो. 2016 च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवणाऱ्या आइसलँडची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास होती, एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. तिथे चिमुकल्या मुलांनाही युरोपीय महासंघाचा परवाना मिळवलेला, पगारी प्रशिक्षक शिकवतो. सहा वर्षांच्या मुलाला शिकवणं हे सोळा वर्षांच्या मुलाला शिकवण्यापेक्षा अवघड आहे, आणि मानधनात ते दिसायला हवं.

जागेची अडचण मात्र सांगितली जाते तेवढी मोठी नाही. फुनिन्योचं मैदान साधारण 32 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद. एका पूर्ण मैदानात अशी आठ मावतात, म्हणजे बाविसांच्या जागी अठ्ठेचाळीस मुलं एकाच वेळी खेळतात आणि आठ चेंडू फिरत राहतात. नगरपालिकेच्या बऱ्याच शाळांच्या पटांगणात असं एक तरी मैदान बसतं. गोलाला खांब लागत नाहीत, दोन दप्तरंही चालतात. पुढच्या मे महिन्याची पत्रकं छापायला अजून वेळ आहे. त्यांवर मेस्सीच्या चित्राखाली एक ओळ घालायला जागा असते: एका चेंडूमागे किती मुलं.