नकार कोणाचा?

समजा, शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची यादी तुम्हाला संगणकावर ठेवायची आहे. संगणकावर लिनक्स आहे आणि माहिती सांभाळायला मायएस्क्यूएल हा प्रोग्रॅम. नवा डेटाबेस तयार करण्याची आज्ञा तुम्ही देता आणि पडद्यावर नकार उमटतो. सोबत एक आकडा असतो. बहुतेक जण तो न वाचताच आज्ञा पुन्हा देतात. खरे निदान त्या आकड्यातच असते!

मायएस्क्यूएलमध्ये नवा डेटाबेस म्हणजे डिस्कवर एक नवी डिरेक्टरी, म्हणजे फाइली ठेवण्याचा कप्पा. पण डिस्कचा कारभार लिनक्सकडे असतो. म्हणून तुमची विनंती दोन दारांतून जाते. पहिल्या दाराशी मायएस्क्यूएल तुम्हाला विचारतो, ‘डेटाबेस करण्याचा अधिकार तुम्हाला आहे काय?’ दुसऱ्या दाराशी लिनक्स तसाच प्रश्न खुद्द मायएस्क्यूएलला विचारतो.

१०४४ हा आकडा पहिल्या दाराचा. तुम्हाला अधिकार नाही. तो व्यवस्थापकाकडून मागून घ्यायचा. १००७ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस आधीच आहे. १००६ आला, तर मात्र अडचण दुसऱ्या दाराशी आहे. त्याच्यापुढे कंसात लिनक्सचा स्वतःचा आकडा छापलेला असतो, बहुधा १३ किंवा २८. (हे आकडे लिनक्सने १९९१ मध्ये जन्मताना जुन्या युनिक्सकडून घेतले.)

१३ म्हणजे परवानगी नाही. मायएस्क्यूएलसाठी लिनक्समध्ये एक वेगळा वापरकर्ता असतो. दुरुस्तीच्या वेळी कोणी त्याची डिरेक्टरी ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्याच्या नावावर केली, की त्याला आपल्याच घरात नवा कप्पा करता येत नाही. अशा वेळी काही जण ‘७७७’ अशी परवानगी देऊन मोकळे होतात. नकार थांबतो खरा, पण आता त्या संगणकावरील कोणीही वापरकर्ता तेथील फाइली पुसू शकतो! कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे हे आहे. मालकी मूळ वापरकर्त्याला परत द्यावी.

२८ म्हणजे जागा नाही. ‘डीएफ’ ही आज्ञा शिल्लक जागा दाखवते. आणि कधी कधी ती सांगते, डिस्क तीन चतुर्थांश रिकामी आहे! हे कसे?

ग्रंथालयातच पाहा. कपाटे रिकामी आहेत, पण दाखल-नोंदवहीची पाने संपली, तर नवे पुस्तक घेता येईल काय? लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला आणि डिरेक्टरीला ‘आयनोड’ नावाची एक नोंद लागते. ‘एक्स्ट४’ या प्रचलित रचनेत डिस्क वापरासाठी तयार करतानाच या नोंदींची संख्या ठरते. सामान्यतः दर १६,३८४ बाइट्सना एक. आता हिशेब करा. १६ जीबीच्या भागात २ चा ३४ वा घात इतके बाइट्स असतात. त्यांना २ च्या १४ व्या घाताने भागा. नोंदी आल्या १०,४८,५७६. एखाद्या प्रोग्रॅमने तेवढ्याच चिमुकल्या फाइली करून ठेवल्या आणि प्रत्येकीने ४ केबीचा एक ठोकळा अडवला, तर जागा गेली फक्त ४ जीबी. नोंदवही मात्र भरली!

‘डीएफ’पुढे ‘आय’ हा पर्याय जोडला, की उरलेल्या नोंदी दिसतात. डिस्कचा भाग तेवढाच ठेवून ही संख्या नंतर वाढवता येत नाही. म्हणून त्या फाइली कोण करतो ते आधी शोधावे, नको असलेल्या काढाव्यात आणि मगच आज्ञा पुन्हा द्यावी.